मावशींच्या लेकीचं बाळंतपण

ताई,
मी स्त्रीरोगतज्ज्ञ, मिस्टर ऑर्थोपेडिक सर्जन. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात आमचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, खाली हॉस्पिटल आणि वर घर. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. रात्री लेबर रूममधून फोन आला की मला उठावंच लागतं. परवा मुलगी जिन्यात पडली, ओठ फुटला. मी समोरच होते, हात पुढे केले, तर ती मला ओलांडून मुलांना सांभाळणाऱ्या मावशींकडे धावली. तेव्हापासून मला धड झोप नाही. मिस्टर म्हणतात, डिलिव्हरी घेणं बंद कर, नुसती ओपीडी बघ; त्यांना लहान मुलांचं काही जमत नाही. सासूबाई म्हणतात, पैशाला काय कमी आहे? मावशी तशा फार चांगल्या आहेत, चोवीस तास आमच्याकडेच असतात. मागच्या महिन्यात गावी त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं, तेव्हासुद्धा एका रात्रीत जाऊन आल्या, कारण माझ्याकडे एका पेशंटची सिझर लागलेली होती. माझ्या दोन्ही वेळी आई तीन-तीन महिने येऊन राहिली होती, पण आता तिचे गुडघे साथ देत नाहीत. ताई, दोन-तीन वर्षं प्रॅक्टिस सोडू का? मी वाईट आई आहे का?
— एक डॉक्टर आई

डॉक्टर,

मावशींच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं आणि मावशी एका रात्रीत जाऊन आल्या. तुम्ही हे मावशींच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून लिहिलंय. मी तिथेच थांबले. तुमच्या प्रश्नाकडे मी येणार आहे, पण आधी त्या रात्रीबद्दल बोलू.

ती पोरगी कुठे बाळंत झाली? ग्रामीण रुग्णालयात की प्राथमिक आरोग्य केंद्रात? टाके पडले का? रक्तस्राव किती झाला? बाळाचं वजन किती भरलं, पहिल्या तासात अंगावर घेतलं का? मुलगा झाला की मुलगी? तुमच्या पत्रात यातलं एक अक्षर नाही. मला वाटतं तुम्हाला माहीतही नसावं. तुमच्या ओपीडीत आलेल्या अनोळखी बाईला तुम्ही हे सगळं विचारता, केसपेपरवर लिहून ठेवता. तुमच्या मुलीला कडेवर घेऊन फिरणाऱ्या बाईला विचारायचं राहून गेलं.

सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, जेवण, घरी सोडणारी गाडी हे सगळं २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत मिळतं. १०२ची गाडी दारापर्यंत आणून सोडते. पुढे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येऊन बाळाचं वजन, ताप, नाळ बघून जाते. मधल्या दिवसांचं काय? मधल्या रात्रींचं काय? रात्री दोनला बाळ स्तन तोंडात धरत नाही, छाती दाटून ठणकतेय, टाके ओढताहेत, रडू कशाचं येतंय तेही कळत नाही, तेव्हा त्या पोरीने हाक मारायची कुणाला? पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे ती याच दिवसांसाठी. ती रीतीप्रमाणे माहेरी आली असेल. माहेरात तिची आई नव्हती. आई तुमच्या धाकटीला दूधभात भरवत होती.

आणि तुमच्याकडे तुमची आई होती. दोन्ही वेळा, तीन-तीन महिने. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, बाळाची टाळू भरणं, तुम्ही झोपलेल्या असताना बाळाला घेऊन खोलीत फेऱ्या मारणं. त्या माऊलीने केलेलं तुमच्या मनात आजही ताजं आहे, म्हणून ते पत्रात उतरलं. ही दोन वाक्यं तुम्ही एकापाठोपाठ एक लिहिलीत आणि दोन्हींच्या मधे तुम्हाला काहीच खटकलं नाही. मला राग आला. तो मी लपवत नाही.

तुम्ही स्वतः रेसिडेन्सी केली आहे. सलग छत्तीस तासांच्या ड्यूट्या, कॉटच्या कडेवर बसून काढलेली डुलकी, सकाळी तशाच अंगाने राऊंड. केंद्र सरकारच्या १९९२च्या आदेशात निवासी डॉक्टरांसाठी सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा लिहिलेली आहे. २०२३च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची भरपगारी रजा आहे. वॉर्डात ते पाळलं जात नाही म्हणून निवासी डॉक्टर संपावर जातात, आणि माझी सहानुभूती कायम त्यांच्या बाजूने असते. मग तुमच्याच घरात एक बाई चोवीस तास, सातही दिवस ड्यूटीवर आहे, तिची रजा कुठल्या कागदावर आहे? राज्यात घरेलू कामगारांसाठी २००८चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. मावशींची तिथे नोंदणी नसेल तर करून द्या. पण लेकीच्या बाळंतपणाला त्यांना किती दिवस सोडायचं, हे सांगायला मंडळातून कुणी तुमच्या दारी येणार नाही. ते तुम्ही दोघं ठरवता.

हो, दोघं. तुम्ही म्हणाल, ताई, सिझर लागलेली होती, मी काय करणार होते? खरं आहे. पोटातल्या बाळाचे ठोके उतरायला लागले की कुणासाठी थांबता येत नाही. पण त्या घरात आणखी एक डॉक्टर होते. त्या आठवड्यात त्यांच्या ऑपरेशनच्या यादीत काय काय होतं, जरा आठवून बघा. गुडघ्याचं सांधेरोपण तारीख देऊन होतं. जुनी प्लेट, जुने स्क्रू काढायचे असतील तर ते पंधरा दिवसांनी काढले तरी चालतात. अपघाताची केस येते, खुब्याचं हाड मोडलेली आजी येते, ते थांबत नाही, मला ठाऊक आहे. पण त्यांच्या डायरीतली बरीच कामं हलवता येतात आणि तुमच्याकडे येणारी कळ हलवता येत नाही. असं असून डायरी कुणाची हलली? कुणाचीच नाही. तुम्ही खाली लेबर रूममध्ये, ते ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि मधे जी जागा रिकामी पडली ती मावशींनी आपल्या लेकीला सोडून भरली. आता तेच तुम्हाला सांगताहेत, डिलिव्हरी बंद कर.

‘त्यांना लहान मुलांचं जमत नाही’ हे तुम्ही इतकं सहज लिहिलंय की तुमचाही त्यावर विश्वास बसलेला दिसतो. हाडांचे डॉक्टर आठ-पंधरा दिवसांच्या तान्ह्या बाळाचं आत वळलेलं पाऊल हातात घेतात. पोन्सेटीच्या पद्धतीने दर आठवड्याला थोडं थोडं सरळ करत प्लास्टर घालतात. बाळ आकांत करत असतं, आई शेजारी उभी राहून रडत असते, आणि यांचा हात हलत नाही. त्या हाताला अडीच वर्षांच्या मुलीला अंघोळ घालणं जमेल, वरणभात भरवणं जमेल. आजवर करायची वेळच आली नाही, कारण दर वेळी मावशी होत्या.

आता जिन्याकडे येते. मुलगी मावशींकडे धावली, कारण पडल्यावर तिला रोज उचलणारे हात ते आहेत. इतक्या लहान लेकराला हक्काची दोन-तीन माणसं असली तर ते त्याचं भाग्य आहे. त्याने आईचं काही कमी होत नाही. तुम्ही वाईट आई नाही, हे मी तुम्हाला ठामपणे सांगते. पुढे केलेले हात तसेच खाली घेताना काय वाटलं असेल ते मला कळतं, आणि त्या रात्री कुणीतरी तुमच्याजवळ बसायला हवं होतं. पण ज्या कुशीत तिने फुटलेला ओठ खुपसला, ती कुशी मावशींच्या स्वतःच्या नातवंडाला एका रात्रीपुरती मिळाली. तुम्हाला हेवा वाटावा असं मावशींच्या पदरात काहीही नाही.

प्रॅक्टिस सोडू का, याचं उत्तर मी आज देणार नाही. आज सोडलीत तर काय होईल ते बघा. तुम्ही घरी बसाल, मावशी तरीही चोवीस तास राबतील, मिस्टर होते तिथेच राहतील. दोन-तीन वर्षांत तुमच्या हाताचा सराव जाईल, तुमच्यावर विश्वास ठेवून रात्री-अपरात्री येणाऱ्या बायका दुसरं दार शोधतील, आणि मुलगी पाच वर्षांची होईल तेव्हा तुमच्या मनात तिच्याबद्दल नाही पण घराबद्दल एक कडवटपणा साचलेला असेल. अशी अवस्था झालेल्या डॉक्टर बायकांची पत्रं माझ्याकडे येतात.

तुम्हाला एकच सांगते. मावशींना एक महिन्याची भरपगारी रजा द्या. हे वाचाल त्या दिवशी संध्याकाळी द्या. पगार आगाऊ हातात द्या, वर बाळ-बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, सुकं खोबरं, तूप बांधून द्या. ‘गरज पडली तर फोन करते हं’ असं म्हणू नका. त्यांचा जीव त्या वाक्यात अडकून राहील.

त्या महिन्यात तुमच्या आईला गुडघे घेऊन बोलावू नका. ब्युरोतून बदली बाई आणू नका. सासूबाई आपणहून जे करतील ते करू द्या, पण त्यांचं नाव यादीत घालू नका. यादी म्हणजे ड्यूटी लिस्ट, वॉर्डात लावता तशी, फ्रिजवर, नावानिशी. ज्या रात्री तुम्ही ऑन कॉल, त्या रात्री मुलांजवळ बाबा झोपतील आणि तुमचा फोन वाजला तर तुम्ही चप्पल घालून सरळ खाली जाल. गावातल्या दुसऱ्या गायनॅकशी बोलून आठवड्यातल्या दोन रात्री वाटून घ्या. तिलाही मुलं असतील, तिलाही हवंच असेल. मिस्टरांनी या महिन्यापुरता ठरलेल्या ऑपरेशनचा एक दिवस कमी करावा आणि सकाळची ओपीडी थोरल्याला शाळेत सोडून आल्यावर सुरू करावी. पाटी बदलायला दहा मिनिटं लागतात. सांधेरोपणाचे पेशंट पंधरा दिवस थांबतात, सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन कळा देणारी बाई थांबत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. तेही डॉक्टर आहेत.

आणि घरात हँडओव्हर द्यायला शिका. रुग्ण ताब्यात देताना जसं सांगता तसं: धाकटीने दुपारी जेवण टाकलंय, नाक वाहतंय, ताप नाही, थोरल्याची उद्या चित्रकलेची वही न्यायची आहे. सांगून झालं की खाली जा आणि वर फोन करू नका. भात करपेल, वेणी वाकडी होईल, पहिले चार दिवस मुलगी मावशींच्या नावाने रडेल. रडू द्या. तुमच्याकडे येऊन रडेल, बाबांकडे जाऊन रडेल.

महिना संपला की मावशी येतील. तेव्हापासून आठवड्याचा एक पूर्ण दिवस त्यांचा, रात्रीसकट. मग मला पुन्हा लिहा आणि प्रॅक्टिसचं विचारा. त्या वेळी मी उत्तर देईन.

अजून एक. बाळ आता महिन्याच्या आसपासचं असेल. दीड महिन्याला त्याची लस आहे आणि आईची सहा आठवड्यांची तपासणी. तोवर एका रविवारी बॅग घेऊन मावशींच्या गावी जा. पोरीचं बीपी बघा, टाके बघा, खालची पापणी आतून पांढरी पडलीय का बघा, लोहाच्या गोळ्या खरंच घेते का विचारा, पाळणा लांबवायचं काय ठरवलंय ते तिच्या सासूच्या मागे, तिच्या एकटीशी बोला. मुलांना बरोबर नेऊ नका. ती त्या दिवशी बाबांकडे राहतील.