बदक काढलंय, पण बदक वाचायचं नाही

प्रश्न : इजिप्तची लिपी म्हणजे चित्रांतून सांगितलेली गोष्टच ना? मग ती वाचायला पंडित कशाला हवेत?

युरोपातल्या विद्वानांचाही शेकडो वर्षं हाच समज होता आणि त्यापायीच ती वाचता येत नव्हती. यातली बरीचशी चित्रं वस्तू नव्हे, आवाज दाखवतात. मराठीत करून बघा. एक दिवा काढा, शेजारी हात, म्हणजे 'कर'. झाले 'दिवाकर'! या गृहस्थांचा दिव्याशी संबंध असायची गरज नाही. इ.स.पू. ३१००च्या सुमाराच्या एका दगडी पाटीवर राजा नार्मरचं नाव असंच लिहिलंय : एक मिशाळ मासा ('नार') आणि खाली छिन्नी ('मर'). बदकाचं चित्र 'सा' असं वाचतात आणि 'सा' म्हणजे मुलगा. राजाच्या नावाआधी बदक आणि सूर्य दिसले, तर ते 'सा रा', सूर्यदेव 'रा'चा पुत्र.

प्रश्न : पण बदक कुठे आणि मुलगा कुठे, हे वाचणाऱ्याला कळायचं कसं?

खरी गंमत इथेच आहे. ही मंडळी स्वर लिहीतच नसत. आपण नुसतं 'प-ट' लिहिलं तर पट, पाट, पोट, काहीही होईल. म्हणून शब्दाच्या शेवटी एक मुकं चित्र जोडायचे. त्याचा उच्चार नाही, ते फक्त शब्द कुठल्या जातीचा ते सांगतं. बदकापुढे बसलेला पुरुष असला की मुलगा. घराचं चित्र 'पर' असं वाचतात. त्याला चालते पाय जोडले की 'बाहेर पडणे'. लेखणीच्या साहित्यापुढे माणूस आला तर लेखनिक, पपायरसची गुंडाळी आली तर लिखाण. लहान, वाईट, आजारी अशा शब्दांमागे बिचारी चिमणी बसते. 'थोर' या शब्दात मात्र पाकोळी येते आणि दोघींत फरक काय तो शेपटीचा. नवशिक्यांची इथे हमखास दांडी उडते, माझीही उडाली आहे.

प्रश्न : इजिप्तमधल्या लक्सर शहरात मुलीचं 'मीरा' हे नाव कोरलेलं पदक घेतलं. बरोबर आहे का?

घुबड (म), बोरूची दोन पाती (ई), तोंड (र) आणि गिधाड (आ) असेल, तर दुकानदारांच्या रिवाजाप्रमाणे ठीक. भोवतीची लांबट चौकट मात्र राजा-राणीच्या नावाचा मान होता, तेव्हा लेकीला फुकटात राजपद मिळालं. आणखी एक : 'मीरा'शी जुळणारा त्यांचा शब्द 'मरित' म्हणजे 'लाडकी', आणि तो शब्द कुदळीच्या चित्राने लिहीत.

प्रश्न : वाचायचं डावीकडून की उजवीकडून?

माणसं आणि पक्षी जिकडे तोंड करून असतील, तिकडून सुरुवात.

प्रश्न : स्वरच नाहीत, तर उच्चार कळले कसे?

पूर्ण कळलेलेच नाहीत. 'नेफर' (सुंदर) या शब्दातले दोन्ही स्वर आपण सोयीसाठी घालतो. पण इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांची कॉप्टिक भाषा ही त्याच भाषेची शेवटची पिढी, आणि ती ग्रीक अक्षरांत स्वरांसकट लिहितात. ही लिपी उलगडणारा फ्रेंच पंडित शांपोलियों, त्याला ती येत होती. १७९९ साली सापडलेल्या रोझेटा शिळेवर एकच फर्मान तीन लिप्यांत होतं, त्यांतली एक ग्रीक, पण ग्रीक नावं जुळवून काम भागलं नसतं. १८२२ साली त्याला एका चौकटीत सूर्य आणि शेवटी दोन 'स' दिसले. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे 'रे'. मधल्या चिन्हाचा 'जन्मणे'शी संबंध त्याने लावला आणि समोर उभा राहिला रामसेस राजा.

प्रश्न : ही लिपी संपली कधी?

माहीत असलेला शेवटचा लेख दक्षिण इजिप्तमधल्या फिले बेटावरच्या मंदिरात, २४ ऑगस्ट ३९४चा. इसिस देवीच्या एका पुजाऱ्याने तो देवाच्या चित्राशेजारी कोरला, 'सदासर्वकाळासाठी' म्हणून. याच भाषेची रोजच्या वापरातली झरझर लिहायची लिपी, डेमोटिक, त्याच मंदिरात आणखी ५८ वर्षं टिकली.