खुनी उजेडात ठेव

तुझं पत्र मिळालं. गावात एकच नाट्यगृह, पहिल्याच प्रयोगाला निम्मं गाव येणार, सकाळी टपरीवर ‘खून मुनिमानं केला’ हे फुटणार, मग पुढच्या प्रयोगाला कोण येईल? या धास्तीनं तू आणखी दोन संशयित घुसडतेयस आणि मुनिमाला अंधारात ढकलतेयस. नको गं. त्याला उजेडात ठेव.

लंडनमध्ये १९५२ साली दोन रहस्यनाटकं आली. ‘द माउसट्रॅप’ खुनी शेवटपर्यंत झाकून ठेवतं आणि पडदा पडताना प्रेक्षकांना विनंती करतं, बाहेर सांगू नका. ‘डायल एम फॉर मर्डर’मध्ये नवरा बायकोच्या खुनाचा बेत सुरुवातीलाच आपल्यादेखत आखतो. तरी जिन्यावरच्या गालिच्याखालच्या एका किल्लीपायी जीव टांगणीला लागतो. तेव्हा फुटू दे तुझं गुपित. पण प्रेक्षकाला फसवलंस, तर तो पुन्हा तिकीट काढणार नाही.

दुसऱ्या अंकात मुनीम एकटाच पुटपुटतो, ‘कुणी केलं असेल हे?’ कुणाला ऐकवतोय तो? काढ ते वाक्य. इतर पात्रांशी त्यानं खुशाल खोटं बोलावं, खुनीच आहे तो. एकटा असताना मात्र नाही. तेव्हा त्याला खतावणी लिहू दे, औषधाच्या बाटलीचं झाकण लावू दे. उजेडात, सगळ्यांसमोर. फक्त नेमकं त्याच वेळी आत्याबाईचं हशा पिकवणारं वाक्य आण. लोक बघतील आणि तरी त्यांच्या ध्यानात राहणार नाही. लपवायचं ते असं.

राज्य नाट्य स्पर्धेत परीक्षक मला म्हणाले, तुमचा खुनी लवकर ओळखू येतो. येऊ दे की! पुरावा पहिल्या प्रवेशापासून टेबलावर होता, मागच्या रांगेतूनही दिसत होता. बक्षीस गेलं. पुढे मुंबईचा एक निर्माता नाटक घ्यायला तयार झाला, पण त्याला शेवटी आभाळातून टपकलेला नवाच खुनी हवा होता. मी नाही म्हटलं. व्यावसायिक रंगभूमीच्या जाहिरातीत एकदा तरी नाव लागायला हवं होतं, ही हळहळ आहे, आणि ती जाणारही नाही. तो शेवट मात्र आजही माझ्या हातून लिहून होणार नाही. हट्टी म्हण हवं तर. बरेच जण म्हणतात.

तुझा सुनेचा प्रवेश सुरेख उतरलाय, त्याला हात लावू नकोस. रंगीत तालमीला संहिता न वाचलेलं कुणीतरी शेवटच्या रांगेत बसव आणि नंतर विचार, बाटली कुठे होती? सांगता आलं नाही तर बाटली पुढे आण, मुनिमावरचा स्पॉट कमी करू नकोस. आणि तो विजांचा कडकडाट काढ बाई. पहिल्या प्रवेशात अंगणात पापड वाळताहेत.