रोज चालवायच्या वेगवान होंडा सिटीत लॉकिंग डिफरेन्शियल बसवावे का, आणि कोणते?

तुमचा प्रश्न मी असा समजतो: तुमच्याकडे २००२ ची होंडा सिटी व्हीटेक आहे, इंजिन नव्याने बांधल्यापासून दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आतले चाक जागेवरच फिरते, आणि मित्राच्या थारमध्ये आहे तसे लॉक होणारे डिफरेन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) बसवावे का, हे तुम्हाला ठरवायचे आहे. मी नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीत गिअर कापण्याच्या कामात आहे आणि याच मॉडेलची गाडी गेली अनेक वर्षे चालवतो आहे. तिच्यात दोन वेगवेगळ्या प्रकारची डिफरेन्शियल बसवून झाली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो: हेलिकल गिअरचे एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एकाच चाकाला फुकट फिरू न देणारे डिफरेन्शियल) घ्यावे, प्लेटचे टाळावे, आणि पूर्ण लॉक होणारे तर या गाडीत मुळीच बसवू नये.

थारमधले मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल मागच्या अ‍ॅक्सलवर असते आणि ते खड्ड्यात, चिखलात, कमी वेगात उपयोगी पडावे यासाठी बनवलेले आहे. दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की ते दोन्ही चाके एकत्र बांधते आणि वेग वाढला की सोडून देते. तुमच्या सिटीत मात्र जी चाके ओढतात तीच वळतातही. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. डांबरावर दोन्ही चाके घट्ट बांधली, तर त्यांपैकी एकाला घासत जावे लागते, स्टिअरिंग जड होते, गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते आणि सारा ताण ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर येतो. रॅलीत, सैल मातीवर, चाकाला घसरायला जागा असते म्हणून तिथे घट्ट लॉक चालून जातो. गंगापूर रोडवरच्या डांबराचे तसे नाही.

आता मुळाकडे येतो. साध्या डिफरेन्शियलमध्ये दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो, त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी त्याच्याइतकेच दुसऱ्यालाही मिळते. समजा, आतले चाक २०० न्यूटन-मीटरपर्यंत पकड धरू शकते. मग बाहेरच्या चाकाची कितीही तयारी असली तरी त्यालाही २०० च मिळतील, म्हणजे एकूण ४००. हेलिकल प्रकारात तिरक्या दातांचे छोटे गिअर टॉर्क आला की डिफरेन्शियलच्या घरावर (बाहेरच्या कवचावर) आणि एकमेकांवर दाबले जातात आणि त्या घर्षणामुळे जास्त टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे जातो. या वाटणीची एक मर्यादा असते. ती २.५ ला १ असेल, तर त्याच परिस्थितीत बाहेरच्या चाकाला ५०० पर्यंत टॉर्क मिळू शकतो आणि एकूण ७०० होतात. ही वाटणी टॉर्क आल्यावरच होते. पाय उचलला की डिफरेन्शियल पुष्कळसे मोकळे होते, म्हणून वळणात शिरताना गाडीचा स्वभाव फारसा बदलत नाही. अशा गिअरवाल्या रचनेचे पहिले प्रसिद्ध रूप म्हणजे टॉर्सन. व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले होते. होंडाने स्वतः १९९५ च्या इंटिग्रा टाइप आरमध्ये, म्हणजे पुढची चाके ओढणाऱ्या आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीत, हेलिकल एलएसडीच दिले होते, आणि माझ्या दृष्टीने ही साक्ष मोठी आहे.

याच हिशेबात हेलिकलचा एक दोषही दिसतो. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. आतले चाक हवेत उचलले गेले, तर २.५ पट शून्य म्हणजे शून्यच, आणि बाहेरच्या चाकालाही काही मिळत नाही. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेक हलका दाबला, तर हवेतल्या चाकावर थोडा भार येतो आणि त्याच्या अडीचपट पलीकडे जातो. म्हणून हेलिकल बसवणाऱ्याने पुढची चाके जमिनीवर टिकतील असे सस्पेन्शन ठेवावे. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी झुकू न देणारा दांडा) फार कडक करू नये, कारण तोच आतले चाक उचलून धरतो.

प्लेटचे एलएसडी वेगळ्या मार्गाने काम करते. त्यात क्लचसारख्या चकत्या असतात आणि टॉर्क आला की आतला क्रॉस शाफ्ट (आडवा दांडा) उतरत्या खाचांवर चढून दाबरिंगा फाकवतो, त्यामुळे चकत्या आवळल्या जातात. खाचेचा उतार फक्त अ‍ॅक्सिलरेटरच्या बाजूला असेल तर वन-वे, दोन्हीकडे सारखा असेल तर टू-वे, आणि पाय उचलल्यावरच्या बाजूला कमी असेल तर वन-पॉइंट-फाइव्ह. याशिवाय स्प्रिंगने दिलेला सुरुवातीचा दाब असतो, म्हणूनच चाक हवेत गेले तरी प्लेटचे एलएसडी काही ना काही टॉर्क दुसऱ्या बाजूला पोहोचवते. ट्रॅकवर हा गुण अमोल आहे. मी आधी हेच, वन-पॉइंट-फाइव्ह, घेतले होते.

ते मी का काढले, हे सांगतो. जुलै महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाट चढत होतो. पावसाची झड होती आणि रस्त्याच्या डाव्या कडेने पाण्याचा ओहोळ वाहत होता. डावे चाक त्या पाण्यात गेले, त्याची पकड सुटली, चकत्या एका क्षणात आवळल्या आणि सगळा जोर उजव्या चाकावर गेला, तशी गाडी स्टिअरिंग हिसकावून डावीकडे, त्याच पाण्याकडे ओढली गेली. हात घट्ट होते आणि वेग बेताचा होता, म्हणून काही झाले नाही. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीने मात्र घोटीपर्यंत एक शब्द काढला नाही. हेलिकलमध्येही ओढ जाणवते, पण ती हळूहळू वाढते आणि हातांना आधी कळते. तुम्ही इगतपुरीच्या पावसातून ये-जा करत असाल, तर निवड करताना हा फरक आधी धरावा असे मला कळकळीने वाटते.

रोजच्या वापरात प्लेटच्या दुसऱ्याही कटकटी आहेत. पंचवटीतल्या अरुंद गल्लीत गाडी वळवताना चकत्या कटकट वाजत, आणि तो आवाज कमी करायला घर्षण बदलणारे ऑइल लागते. आपल्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच ऑइलमध्ये असतात. चकत्यांना निसरडे ऑइल हवे असते, तर गिअरच्या सिंक्रोनायझरला (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगेला) घर्षण हवे असते. मी चकत्यांचे ऐकले तेव्हा थंडीच्या सकाळी दुसरा गिअर करकरू लागला. शिवाय चकत्यांची झीज त्याच ऑइलमध्ये मिसळते, म्हणून ते लवकर बदलावे लागते, आणि चकत्या झिजल्या की सगळे उघडून पुन्हा जुळवावे लागते. हेलिकलला कंपनीने सांगितलेले नेहमीचे गिअर ऑइल पुरते.

खरेदीआधी गिअरबॉक्सवरचा कोड वाचून घ्यावा. इंटिग्राचे डिफरेन्शियल वेगळ्या गिअरबॉक्सचे असते आणि ते तुमच्या गाडीत बसेलच असे मानू नये. ड्राइव्ह शाफ्टच्या दातांची संख्या, बेअरिंगचे आतले माप आणि क्राउनच्या (डिफरेन्शियलवरच्या मोठ्या गिअरच्या) बोल्टची संख्या, ही तिन्ही जुळली पाहिजेत. जुने प्लेटचे एलएसडी कोणी स्वस्तात देत असेल, तर गाडीवर असतानाच त्याची परीक्षा करता येते: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, एक पुढचे चाक जॅकवर उचलावे, दुसरे जमिनीवर असू द्यावे आणि उचललेले चाक टॉर्क रेंचने (लागणारा जोर दाखवणाऱ्या पान्याने) फिरवून पाहावे. ते हाताने सहज फिरले, तर सुरुवातीचा दाब संपलेला आहे.

बसवण्याचे काम ज्याने गिअरबॉक्स उघडून बंद केले आहेत अशाच माणसाकडे द्यावे. माझ्या वेळी एका गॅरेजमध्ये क्राउनचे बोल्ट सुटत नाहीत म्हणून लांब पाइप लावून जोर करत होते आणि दोन बोल्टांची डोकी तुटली. होंडाच्या या बोल्टांचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतात. हे आधी विचारले असते तर दिवस वाचला असता. नवे घर बसवल्यावर बेअरिंगशेजारची शिम (फट भरणारी पातळ रिंग) फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजूनच निवडावी. जुनी शिम जशीच्या तशी परत टाकू नये, कारण नव्या घराची उंची केसाइतकी जरी वेगळी असली तरी बेअरिंग एक तर गुणगुणते किंवा तापते.

पण पैसे देण्याआधी टायर आणि इंजिनचे माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) तपासा. माझ्याकडे आलेल्या एका सिटीत आतले चाक फिरत नव्हते, ते उड्या मारत होते, आणि कारण होते फाटलेले पुढचे माउंटिंग. माउंटिंग बदलून, चांगले टायर घालून आणि अलाइनमेंट करूनही दुसऱ्या गिअरमध्ये चाक फिरतच राहिले, तर मग हेलिकल मागवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांबाबत नियम आहेत, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्यावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. बसवल्यानंतर सुरुवातीचे काही शे किलोमीटर पूर्ण जोर न लावता चालवा, मग ऑइल बदला आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटले आहे ते पाहा. बारीक राखेसारखा गाळ असेल तर चिंता नाही. बोटाला टोचेल असा कण दिसला, तर गाडी तशीच उभी ठेवा आणि गिअरबॉक्स पुन्हा उघडून घ्या.