शेपटीचाकाचं जुनं विमान घेतोयस? आधी हे वाच

एअरलाइनमध्ये हजारो तास झाले, कमांडही मिळाली, म्हणजे कॅप्टन झालास, म्हणून हे छोटं विमान सहज जमेल असं समजू नकोस. जेटमध्ये तुझे पाय बराच वेळ निवांत असतात. इथे चाकं टेकली की खरं काम सुरू होतं. मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात, त्यामुळे शेपूट जरा बाजूला सरकली की तिला पुढे यायचीच घाई. वेळेत रडर, म्हणजे शेपटीवरचं पायाने चालवायचं सुकाणू, दिला नाहीस तर विमान गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. माझा एकदा झाला, तोही लँडिंग झकास झालं म्हणून पाय सैल सोडले तेव्हा! पंखाचं टोक घासलं, आणि माझी ऐटही.

पहिलं विमान पायपर जे-३ कबसारखं साधं घे. ६५ अश्वशक्तीचं इंजिन, एकटा असलास तर मागच्या सीटवरून उडवायचं. इंधन किती उरलंय ते समोर टाकीच्या झाकणातून वर आलेली तार सांगते. तिच्या खालच्या टोकाला बुचाचा तरंगता तुकडा असतो, बस्स. रंगावर भाळू नकोस. वरच्या कापडी आवरणाखालच्या सांगाड्याच्या नळ्या, विशेषतः शेपटीकडच्या, गंजल्यात का ते जाणकार मेकॅनिककडून तपासून घे.

स्टार्टर नसेल तर प्रोपेलर हाताने फिरवायला रीतसर शीक. विमान बांधलेलं हवं आणि आत ब्रेकवर माहीतगार माणूस.

प्रशिक्षक तुझ्याहून वयाने लहान, तासांनी कमी असला तरी चालेल. तो ‘उजवा रडर!’ म्हणून ओरडला की मुकाट्याने उजवा पाय दाब.