रोज 20 इंग्रजी शब्द पाठ करतो, आठवड्यात विसरतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, स्पर्धा परीक्षेसाठी रोज 20 अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करता आणि आठवड्याभरात सगळे उडून जातात. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतला, इंग्रजी आम्हाला पाचवीपासून. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ अशी वही मीही भरली होती. ती बंद केली तेव्हा कुठे शब्द टिकायला लागले.

यादी सोडा, शब्दाचं घराणं शोधा. आपल्याला ते जड जात नाही, कारण बरेचसे अवघड इंग्रजी शब्द लॅटिन या जुन्या युरोपीय भाषेतून आलेत, आणि लॅटिन व संस्कृत एकाच मुळातून आल्या आहेत. 1786 मध्ये भाषा-अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत हा विचार मांडला होता. भूगोलात 'अग्निजन्य खडक' शिकलात ना? इंग्रजीत तो 'इग्नियस'. लॅटिनमधला 'इग्निस' म्हणजे आपल्या अग्नीचा भाऊबंद, 'इग्नाइट' त्याच कुळातला. आपलं 'नाम' तिकडे 'नोमेन' होतं. म्हणून 'नॉमिनल' म्हणजे नाममात्र आणि 'इग्नॉमिनी' म्हणजे नाव जाणं, नाचक्की. माझा सगळ्यात लाडका शब्द 'मॅग्नॅनिमस'. 'मॅग्नस' म्हणजे मोठा, 'अ‍ॅनिमस' म्हणजे मन. मोठ्या मनाचा! हे कळल्यावर तो मला कधीच पाठ करावा लागला नाही.

दुसरं, शब्द कुणाच्या पंगतीला बसतो ते बघा. माझ्या वहीत 'नोटोरियस' पुढे नुसतं 'प्रसिद्ध' होतं. निबंधात मी ते विशेषण एका समाजसुधारकाला लावलं. सरांनी खाली लाल रेघ मारली आणि 'कुप्रसिद्ध' एवढंच लिहिलं. तो शब्द गुन्हेगारांसोबत येतो, हे एकही वाक्य न वाचता मला कसं कळणार होतं? म्हणून शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवून घ्या. रोज पाचच शब्द घ्या, पण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून पुन्हा आठवून बघा.

आणि प्रत्येक शब्दावर घरातल्या माणसाचं एक वाक्य लिहा. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, 'स्टिंजी' म्हणजे कंजूष. माझ्या वहीत आजीवर लिहिलेलं वाक्य अजून आहे: 'माय ग्रँडमदर वॉज फ्रूगल, बट नेव्हर स्टिंजी.'