त्या माणसाच्या शेजारी कोण बसलंय?

तुझा मेसेज वाचला. सिनेमाच्या वर्गात 'कासव' दाखवला आणि तेव्हापासून सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीचं सगळंच बघून टाकायचंय, असं लिहिलंयस. वाचून फार बरं वाटलं. फक्त ते 'बघून टाकणं' नको. आठवड्याला एकच बघ.

जोडी म्हटली की आपण लगेच वाटण्या करायला बसतो, हे सुमित्राताईंचं, ते सुनीलचं. त्यात वेळ घालवू नकोस. सुमित्राताई समाजशास्त्राच्या अभ्यासक. बायकांच्या जगण्यावर संशोधन करताना त्यांना जाणवलं, की आपण जिच्याबद्दल लिहितोय तिला ते वाचताच येणार नाही. मग १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. सुनील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. एवढं माहीत असलं तरी पुरे.

सुरुवात २००४च्या 'देवराई'पासून कर. मग 'अस्तु', मग पुन्हा 'कासव'. तिन्हींत मनाचा तोल किंवा वाट हरवलेलं एक माणूस आहे. शेषला स्किझोफ्रेनिया, संस्कृतच्या शास्त्रीबुवांना स्मृतिभ्रंश, 'कासव'मधल्या मुलाला नैराश्य. पहिल्यांदा बघताना नजर त्यांच्यावरच राहते. अतुल कुलकर्णी, मोहन आगाशे ती हलूच देत नाहीत.

दुसऱ्यांदा मात्र शेजारचं माणूस बघ. 'देवराई'त बहीण आहे. 'अस्तु'त मुलगी आहे, पण वडील हत्तीच्या मागे निघून जातात आणि त्यांना सांभाळते माहुताची बायको, चन्नम्मा. 'कासव'मध्ये तर नातंच नाही. परक्या मुलाला जानकी आपल्याकडे ठेवून घेते. दर सिनेमात सांभाळणारं माणूस रक्ताच्या नात्यापासून आणखी लांब गेलंय. तीन सिनेमे मिळून एकच प्रश्न पुढे सरकत राहतो. मला हे उमगलं ते तिन्ही लागोपाठ पाहिले तेव्हा, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

चन्नम्माच्या प्रसंगांपाशी थांब. शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेशी तिचं काही देणंघेणं नाही. भुकेला म्हातारा दारी आलाय, त्याला जेवू घालायचं, इतकं तिला ठाऊक. आवाज बंद करून बघ. अमृता सुभाषचे हात काय करतात, ती कुठे थबकते, कॅमेरा किती अंतरावर उभा आहे, कट नेमका कधी येतो, सगळं वहीत उतरव. मग आवाज लावून तेच पुन्हा बघ.

'दोघी' आणि 'वास्तुपुरुष' त्यानंतर. 'संहिता' आरती अंकलीकर-टिकेकरांच्या गाण्यांसाठी तरी बघच. यांच्या काही सिनेमांत विषय माणसांच्या वरचढ होतो, असं मला वाटतं. तुलाही वाटलं तर दडपू नकोस, कुठल्या संवादाला वाटलं ते लिहून ठेव.

'दिठी' सगळ्यात शेवटी. त्याचं दिग्दर्शन एकट्या सुमित्राताईंचं. मूळ कथा दि. बा. मोकाशींची, ती आधी वाचू नकोस. मुलगा गमावलेला रामजी लोहार, आणि अडलेली गाय सोडवायला त्यालाच आलेलं बोलावणं. १९ एप्रिल २०२१ला सुमित्राताई गेल्या आणि पुढच्याच महिन्यात 'दिठी' घरोघरी पोचला. पाहून झाला की फोन कर. कितीही वाजले असले तरी चालेल, मी जागा असेन.