आई-बाबा येणार आहेत. त्यांना स्टुटगार्टची मार्क्टहाले आणि वाईनच्या छोट्या जागा दाखवाव्यात का?

तुमचा प्रश्न असा : पुण्याहून स्टुटगार्टला नुकतेच आला आहात. आई-बाबा सप्टेंबर ते नोव्हेंबर राहायला येताहेत, दोघंही शाकाहारी. निफाडची द्राक्षबाग बाबांनी आता तुमच्या भावाकडे सोपवली आहे. गाडी नाही, आणि दर शनिवार-रविवारी पॅरिस किंवा स्वित्झर्लंडला धावायची इच्छाही नाही. मग जुन्या बंदिस्त बाजारात आणि आसपासच्या छोट्या वायनऱ्यांत त्यांना न्यावं का?

नक्की न्या. द्राक्षं वाढवण्यात आयुष्य गेलेला माणूस ऐन काढणीच्या दिवसांत इथे येतोय, त्याला आयफेल टॉवरआधी इथल्या बागा दाखवा. स्टुटगार्ट गाड्यांसाठी ओळखलं जातं, पण शहराच्या हद्दीतच चारशे हेक्टरांहून जास्त द्राक्षबागा आहेत. मुख्य रेल्वे स्टेशनच्या मागच्या टेकडीवरसुद्धा वेलींच्या रांगा दिसतात.

सुरुवात शनिवारी सकाळी मार्क्टहालेपासून करा. रविवारी ती बंद असते, त्यामुळे हा बेत शनिवारचाच. इमारत १९१४ सालची, वास्तुरचनाकार मार्टिन एल्झेसर. बाहेरून भित्तिचित्रं आणि कमानी, आत काँक्रीटच्या रुंद कमानींवर पेललेलं काचेचं छत, त्यामुळे ढगाळ दिवशीही भाजीवर स्वच्छ उजेड पडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत तिचं मोठं नुकसान झालं, ती पुन्हा उभी केली गेली. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती पाडायचा घाट घातला गेला आणि नगरपरिषदेत अवघ्या एका मताने वाचली. आज तिथे उभं राहिलं की त्या एका मताचं मोल कळतं.

आठवड्याचा बाजार मात्र इथून करू नका, महाग पडतो. इथे बघायचं, चाखायचं आणि एखादी खास गोष्ट घ्यायची. इटालियन, ग्रीक, तुर्की, इराणी दुकानदार शेजारी शेजारी आहेत. ऑलिव्हचे नाना प्रकार, सुकामेवा, चीज, मसाले. चीज कापून द्यायच्या आधी बरेचजण चव बघायला देतात. आईंना वरच्या सज्जात घेऊन जा. तिथून सगळा बाजार एका नजरेत दिसतो, आणि गर्दीत उभं राहावं लागत नाही.

भाजीसाठी बाहेर पडा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी जवळच्याच मार्क्टप्लाट्झ आणि शिलरप्लाट्झ या चौकांत उघड्यावरचा बाजार भरतो, आणि आसपासच्या गावांतले शेतकरी आपला माल तिथे आणतात. शरद ऋतूत शहराच्या दक्षिणेकडच्या फिल्डर पठारावरचा टोकदार कोबी येतो. पानं मऊ आणि चव गोडसर, आपल्या पद्धतीच्या कोबीच्या भाजीला तो फार छान लागतो. इथली एक रीत आईंना आधीच सांगून ठेवा : ढिगातला माल आपण हाताळायचा नाही. दाबून बघणं, उलटून बघणं, दहा टोमॅटोंतून चार निवडणं, हे दुकानदाराला आवडत नाही. काय हवं आणि कधी खायचं ते सांगा. आज खायचं म्हणालात तर पिकलेलं देतील, परवा म्हणालात तर जरा कच्चं. हा विश्वास ते सहसा मोडत नाहीत.

दुपारनंतरचा भाग बाबांचा. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेने, उंटरट्यूर्कहाइमला उतरा आणि ६१ नंबरच्या बसने रोटेनबर्ग गावात जा. वर टेकडीवर एक घुमटाची समाधी आहे. व्युर्टेंबर्गचा, म्हणजे तेव्हाच्या इथल्या राज्याचा, राजा पहिला विल्हेल्म याने १८२० ते १८२४ या काळात आपल्या दिवंगत राणीसाठी ती बांधली. राणी कातारिना रशियाची राजकन्या, १८१९ साली ऐन तिशीत गेली. ‘प्रेम कधीच संपत नाही’ या अर्थाचं बायबलमधलं वचन दारावर कोरलेलं आहे. तिथून खाली नेकार नदी, मर्सिडीजचा कारखाना आणि चहूबाजूंनी द्राक्षबागा असं सगळं एकत्र दिसतं. मग बागांमधल्या डांबरी वाटेने सावकाश उलबाखला उतरा. उतार सौम्य आहे, पण आईंचे गुडघे दुखत असतील तर बसनेच खाली या. उलबाखमध्ये द्राक्षं गाळायच्या जुन्या वास्तूत वाईनचं छोटं संग्रहालय आहे. तिथून ओबरट्यूर्कहाइमला बस मिळते आणि पुन्हा एस-बान.

या वाटेवर बाबा दर दहा पावलांवर थांबतील, घाई करू नका. त्यांना दिसणारे फरक खरोखर बघण्यासारखे आहेत. निफाडकडे गोड छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, गडबड सुरू होते त्याच सुमारास इथे काढणी चालू असते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड छाटणी अशा दोन, इथे थंडीत वेली आपोआप विसावतात, म्हणून छाटणी एकच आणि तीही हिवाळ्यात. वेली वर चढवायची मांडव किंवा वाय पद्धत दिसणार नाही. तारांवर बांधलेल्या बुटक्या, सरळ रांगा, कारण इथे ऊन अडवायचं नसून जितकं मिळेल तितकं घडापर्यंत पोचवायचं असतं. खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांवर कलम करतात त्यांचा, विषयही निघेलच. आपल्याकडे पाणीटंचाई आणि खारवट जमिनीमुळे डॉगरिज खुंटावर कलमं आली. इथे एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने युरोपभर मुळं खाल्ली, तेव्हापासून अमेरिकी खुंटांशिवाय गत्यंतर राहिलं नाही. डावणी आणि भुरी (वेलींचे रोग) मात्र दोन्हीकडे तितकीच छळतात. त्याही अमेरिकेतूनच युरोपात आल्या.

नेकारच्या काठाने, विशेषतः बाड कानश्टाट भागात, दगड रचून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आहेत. त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. तिथे ट्रॅक्टर चढत नाही, छाटणीपासून काढणीपर्यंत सगळं हाताने करावं लागतं आणि पावसात ढासळलेली भिंत पुन्हा एकेक दगड लावून उभी करावी लागते. सपाट जमिनीच्या कितीतरी पट मेहनत, आणि बाटलीला भाव मात्र थोडासाच जास्त. वयस्कर मालक थकले की पुढची पिढी ते करायला तयार होत नाही. जागोजागी झुडपं माजलेले तुकडे दिसतील ते त्यामुळेच. म्हणून वाईन घ्यायचीच तर ‘श्टाइललागे’, म्हणजे अशा तीव्र उताराची, विचारून घ्या. त्या दोन-तीन जादा युरोंवर ती भिंत टिकते.

बाबांना रस वाटेल अशी आणखी एक गोष्ट. व्युर्टेंबर्गमध्ये वारसाहक्काने जमीन सगळ्या मुलांत वाटली जायची. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन बागांचे इतके बारीक तुकडे झाले, की एकट्याने वाईन करून विकणं परवडेना. त्यातून इथे सहकार रुजला. नेकार्सुल्म गावातली द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था १८५५ सालची; २००७ साली ती शेजारच्या मोठ्या सहकारी संस्थेत विलीन झाली. रोटेनबर्ग-उलबाखचा बराच माल आजही सहकारी संस्थेकडेच जातो आणि अनेक सभासद नोकरी सांभाळून बाग करतात. जमिनीच्या वाटण्या आणि सहकार, दोन्ही बाबांना समजावून सांगावं लागणार नाही.

आता तुम्ही विचारलेल्या ‘वाईनच्या छोट्या जागा’. त्यांना इथे बेझन म्हणतात. द्राक्ष पिकवणारं कुटुंब वर्षातले काही आठवडे आपल्याच घरात, तळघरात किंवा गोठ्यात टेबलं मांडून स्वतःची वाईन आणि साधं जेवण विकतं. दारावर झाडू टांगलेला असला की समजायचं, आज चालू आहे. पूर्वापार नियम असा की वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालवायचं नाही, चाळीसपेक्षा जास्त जागा ठेवायच्या नाहीत आणि वाईन फक्त स्वतःची. बिअर मागू नका, मिळणार नाही. बागेत काम कमी असतं तेव्हाच घरच्यांना हे जमतं, त्यामुळे बऱ्याच बेझन उशिरा शरदात आणि हिवाळ्यात उघडतात. कुठली कधी चालू आहे त्याचं बेझन-कॅलेंडर इंटरनेटवर आणि छापील मिळतं. आई-बाबांच्या मुक्कामात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात सोयीचा.

शिफारस एकाच गोष्टीची करायची झाली तर मी बेझनचीच करेन. कारण तिथे स्वतंत्र टेबल मिळत नाही. लांब बाकांवर जिथे जागा असेल तिथे ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ (इथे जागा आहे का?) असं विचारून अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. ऑफिसात वर्षभर फक्त ‘हालो’ म्हणणारे श्वाबी, म्हणजे या प्रदेशातले, लोक इथे अर्ध्या तासात तुमच्या गावापासून सगळं विचारतात, फक्त पगार सोडून. निफाड, द्राक्षं, वडिलांची बाग, एवढं तुम्ही सांगितलंत की मालक स्वतः येऊन बसण्याची शक्यता पुष्कळ. दुभाष्याचं काम तुम्हाला करावं लागेल, आणि ते मनापासून करा. भाषेवाचून अडलेले दोन बागायतदार भुरीवर बोलायला लागले की बघत राहावंसं वाटतं.

वाईन पाव लिटरच्या दांडीच्या पेल्यात येते. त्याला फिअर्टेले म्हणायचं. इथली खास म्हणजे ट्रॉलिंगर : फिकट लाल, हलकी, स्थानिक लोक रोजच्या जेवणाबरोबर पितात ती. जरा जोरकस हवी तर लेम्बर्गर. पांढऱ्यात रीसलिंग, किंवा केर्नर. केर्नर ही जात ट्रॉलिंगर आणि रीसलिंगच्या संकरातून १९२९ साली याच प्रदेशातल्या वाइन्सबेर्गला तयार झाली. आई-बाबा वाईन घेत नसतील तर घरच्या द्राक्षांचा रस, ‘ट्राउबनझाफ्ट’, मागा. तो घट्ट आणि गोड असतो, साधं सोडावॉटर मिसळून घेतला तर जास्त आवडेल.

शाकाहाराचं मात्र नीट सांभाळा, कारण फसगत दिसत नाही अशा ठिकाणी होते. बटाट्याचं सॅलड शाकाहारी वाटतं, पण श्वाबी पद्धतीत त्यात बहुधा मांसाचं पाणी घालतात. माउलटाशन, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पाऱ्या, यांच्या आत मांस असतं. मसूर आणि श्पेत्झले (अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) ही जोडी सॉसेजबरोबर येते, आणि सॉसेज काढायला सांगितलं तरी मसुरात बेकनचे तुकडे असू शकतात. त्स्वीबलकूखन या कांद्याच्या खाऱ्या केकमध्येही बेकन घालतात. विचारायचं वाक्य पाठ करून ठेवा : ‘इस्ट दा फ्लाइश, श्पेक ओडर फ्लाइशब्र्यूए द्रिन?’ (यात मांस, बेकन किंवा मांसाचं पाणी आहे का?) निर्धोक पदार्थ म्हणजे जाड पाव आणि लुगेलेसकेस, म्हणजे चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये कांद्याची पात. आईंना हा नक्की आवडेल. अंडं चालत असेल तर चीज घातलेले केझेश्पेत्झले आहेतच.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाजारात ‘नॉयर वाइन’ दिसेल, म्हणजे अजून आंबत असलेला गढूळ द्राक्षरस. वायू बाहेर पडावा म्हणून त्याचं झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. बाटली उभीच धरून न्या, पिशवीत आडवी ठेवली तर सगळं सांडतं. चवीला सरबतासारखा लागतो पण त्यात अल्कोहोल आहे, हे आईंना आधी सांगा.

एखादा शनिवार एस्लिंगनसाठी ठेवा. तिथे केसलर ही जर्मनीतली सर्वांत जुनी फेसाळत्या वाईनची कंपनी आहे, १८२६ सालची. संस्थापक गेऑर्ग क्रिस्टियान केसलर फ्रान्समध्ये व्हव्ह क्लिको या शॅम्पेन बनवणाऱ्या कंपनीत काम करून परतला होता. गाव जुन्या लाकडी घरांचं आणि पायी फिरण्याजोगं आहे. ऑगस्टअखेरपासून स्टुटगार्टच्या मध्यभागी वाईनडॉर्फ, म्हणजे वाईनची जत्रा, भरतं, तेही चालू असेल तर एक फेरी मारा, पण गर्दी फार आणि दरही चढे.

गाडी नाही हे या बेतासाठी बरंच आहे. पुढे घेतलीत तरी लक्षात ठेवा, इथे लायसन्स नवीन असेल तर पहिली दोन वर्षं गाडी चालवताना अल्कोहोल शून्यच हवं. बेझनला जाताना रोख पैसे ठेवा, कित्येक ठिकाणी कार्ड चालत नाही. चौघांसाठी शनिवारी संध्याकाळी जागा मिळणं अवघड असतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात फोन करा किंवा दुपारी चारच्या सुमारास जा. बाबांना तळघरातली पिंपं आणि गाळणयंत्र बघायचं असेल तर तेही त्याच फोनवर विचारा. शनिवारी घरच्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, पण आठवड्यातल्या एखाद्या दुपारी ते बहुतेक वेळा आनंदाने दाखवतात.